मांजराच्या तोंडाला वास : तुमचे अनुभव सांगा

सोनीची_आई
आज कूलर काढला. ताट्या बदलल्या, टाकीत पाणी सोडलं आणि सोनी आठवली. टाकीच्या काठावर पुढचे दोन पाय टेकून लपालपा पाणी प्यायची. आम्ही म्हणायचो, नागपूरचं ऊन, बिचारीला तहान लागून राहिली. त्याच दिवसांत ती उशीवर येऊन जांभई द्यायची तेव्हा भपकाराच यायचा, मुतारीत येतो तसा. सासूबाई म्हणायच्या, "मासोळी खाते ते, गुलाबाचा वास येईल का?" मासोळी तर आठवड्यातून एकदा! बारा वर्षांची होती. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, किडन्या थकलेल्या. साचलेल्या युरियामुळे असा वास येतो म्हणे. जिभेच्या कडेचे फोडही तेव्हाच दिसले. सलाईनवर चार महिने काढले तिने. तुमच्याकडे असं झालंय का कोणाचं?

तर्रीपोहा
आमच्या बोक्याच्या तोंडाचा वास तर जन्मापासून येते. घरच्यांना सवय झाली बापा 😄

खामलेकर_निशा
सोनीचं वाचून वाईट वाटलं गं. पण बहुतेक वेळा दातच असतात. आमचा गब्बर मान वाकडी करून एकाच बाजूने चावायचा, दाणे तोंडातून पडायचे. मला वाटलं नखरे. ओठ वर केला तर दाढेवर पिवळट थर आणि हिरडीला लालभडक रेघ. भूल देऊन दात साफ केले, दोन दाढा काढल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटातली कोंबडी पळवली मेल्याने.

उन्हाळकाठी
कूलर आत्ता काढला?? आमचा होळीलाच लागला. वाळ्याच्या ताट्या कुठून आणल्या?

सोनीची_आई
इतवारीतून. भाव विचारू नका.

गोधडी
अनुभव धागा ना हा? आमच्याकडे खरोखरचा धागा निघाला! आजी गोधडी शिवत होती. दोन दिवसांनी चिंगीची लाळ गळायला लागली, वास असा की जवळ बसवेना. तोंड उघडलं तर जिभेच्या बुडाशी पांढरा दोरा गुंडाळलेला, खाली मांस कापून सडलेलं. मी ओढणारच होते, बाबा ओरडले म्हणून वाचली. दुसरं टोक पोटात होतं. ओढला असता तर आतडं चिरलं असतं, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, आता बरी आहे. सुईचा डबा कुलपात.

पिंकीचा_बाबा
पिल्लू पाच महिन्यांचं आहे, वास येऊन राहिला. मी घाबरलो होतो. आज सतरंजीवर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला!

खामलेकर_निशा
दुधाचे पडून राहिले. 26 पडतात, 30 येतात. तेवढ्या दिवसांत थोडा वास येतो. हिरडी फारच लाल दिसली तर मात्र दाखवा.

पिंकीचा_बाबा
दात डबीत ठेवला. बायको हसून राहिली.

रातराणी
माणसांची पेस्ट चालते का हो?

खामलेकर_निशा
अजिबात नको. ती चूळ भरते का? सगळं गिळते. मांजरांची वेगळी मिळते.

भोपळ्या
आमच्या लठ्ठ्याचा वास गोडसर होता, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. खाऊन खाऊन वाळत चालला होता, पाणीही खूप प्यायचा. साखर निघाली, प्रकरण पार हाताबाहेर गेलेलं. रात्रीच न्यावं लागलं. आता दोन वेळा इन्सुलिन. माझ्या आधी त्याचं ताट वाढलं जाते.

सोनीची_आई
@तर्रीपोहा, बोक्याचं तोंड उघडून पाहिलं का कधी?

तर्रीपोहा
आत्ता पाहिलं. अंगठ्याला चावला बे! उजवीकडची दाढ पूर्ण तपकिरी, बाजूला पू. उद्या सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय कॉलेजात नेतो.

गोधडी
आधी अंगठा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू. अन् उद्या तूही सुई घेऊन ये, रेबीजची.

तर्रीपोहा
दोघंही एकाच गाडीवर जाऊन राहिलो मग. बोका पिशवीत, मी पट्टीत.

उन्हाळकाठी
इतवारीत नेमकं कुठे ते सांगितलंच नाही.