घरासमोरच्या काँक्रीट रस्त्यावर नवा थर द्यायचाय, खर्च कसा धरू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फाटकापासून पोर्चपर्यंतचा आमचा काँक्रीटचा रस्ता १२ मीटर लांब, ३ मीटर रुंद. वरचे पोपडे निघून खडी उघडी पडली आहे. फाटकाजवळच्या भेगेची एक बाजू बोटभर खचलीय. आईची काठी नेमकी तिथेच अडकते, म्हणून आता काम लांबवायचं नाही.

एक कंत्राटदार म्हणतो, जुन्यावरच ५० मिमीचा थर देऊ. दुसरा म्हणतो, खचलेला भाग फोडून, खाली खडी दाबून मगच थर घालायचा. त्याचा आकडा जवळपास दुप्पट. मला दुसऱ्याचं पटतं. खालचा भराव हलत असेल तर नव्या थरातही तीच भेग वर येणार. पण तेवढाच तुकडा फोडून भागेल का?

३६ चौरस मीटरला ५० मिमी म्हणजे १.८ घनमीटर काँक्रीट, एवढा हिशेब झाला. जुना पृष्ठभाग खरवडणं, राडारोडा उचलणं, सांधे कापणं हे दरातच धरतात की वेगळं लावतात? आणि रस्ता ५० मिमी उचलला गेला तर पावसाचं पाणी पोर्चकडे वळणार नाही ना? ज्यांनी असं काम करून घेतलंय, त्यांनी कोटेशनमध्ये काय काय लिहून घ्यावं ते कृपया सांगा.