मदत हवी आहे: बल्बवर रंगवलेला जुना मिकी (पाच बोटांचा) नाताळपर्यंत वाचवायचाय

मिरजवाली:

मंडळी, नमस्कार. बऱ्याच महिन्यांनी इथे उगवलेय आणि तेही गरज पडली म्हणून, तेव्हा आधीच कान पकडते.

प्रश्न नाताळच्या सजावटीचा आहे. पण "काय विकत घेऊ" असा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझे वडील, अण्णा, मिरजेत वायरमन होते. मिरजेला मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, त्यामुळे आमच्या गल्लीत नाताळ म्हणजे दिवाळीसारखाच मोठा सण. करंज्या-चकल्यांची ताटं शेजारीपाजारी जायची, रात्री कॅरलवाली पोरं पेटी-ढोलकी घेऊन दारात यायची. झाड म्हणजे सुरूची फांदी, तेलाच्या डब्यात वाळू भरून उभी केलेली. त्यावर टांगायला दुकानातले चकचकीत गोळे आणायची ऐपत नव्हती. अण्णांकडे मात्र एक गोष्ट भरपूर होती, ती म्हणजे गेलेले बल्ब. ६० वॅटचे, १०० वॅटचे. त्यांवर ते ऑइलपेंटनं कार्टूनं रंगवायचे आणि टोपीच्या दोन पिनांना मोटार वाइंडिंगची तार गुंडाळून टांगायचे.

मिकी बिस्किटाच्या डब्यावरून उतरवला होता. स्क्रूज काका आणि बलू दूरदर्शनवरचे. मोगलीची गोष्ट वेगळी आहे. १९९३ साली तो रविवारी सकाळी लागायचा, नेमका उपासनेला निघायच्या वेळेला. मी आणि ताई दर रविवारी चर्चच्या वाटेवर मुसमुसत जायचो, कारण वाटेतल्या प्रत्येक घरातून तेच गाणं ऐकू यायचं. त्या डिसेंबरात अण्णांनी काही न बोलता मोगली झाडाला टांगला. चिंटू रंगवलेला नव्हता. 'सकाळ'मधून कापून मैद्याच्या खळीनं बल्बवर चिकटवला होता आणि वरून वॉर्निश. त्याचे मित्र पप्पू आणि बगळ्या वेगळ्या बल्बांवर. असे एकूण बारा होते.

निवृत्तीनंतर घर घेतलं सांगलीत, शामरावनगरला. पुढचं सांगलीकरांना सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आमच्या खालच्या खोल्या बुडाल्या. बल्बांचा खोका कॉटखाली होता. पाणी ओसरल्यावर घरात शिरलो तर खोक्याचा नुसता लगदा. पण बल्ब तरंगतात हो! एक फ्रिजच्या मागे अडकलेला, दोन खिडकीच्या गजाशी गाळात रुतलेले, एक स्वयंपाकाच्या कट्ट्यावर, जसा काही कोणी आणून ठेवलाय. बाकीचे आठ फुटले की खिडकीतून वाहून गेले, माहीत नाही.

उरलेले: मिकी, मोगली, स्क्रूज काका आणि चिंटू. तेव्हापासून कापूस घालून डब्यात ठेवलेत, झाडावर लागलेच नाहीत. यंदा अण्णांना ८० पूर्ण होतात आणि ताई पोरांसह येणार आहे. मला हे चारही झाडावर हवेत आणि जमलं तर गेलेले आठ परत करायचेत.

अडचणी अशा. मिकीच्या कानाचा काळा रंग पापुद्र्यासारखा उचलला गेलाय, बोट लावलं की गळतो. मोगलीचं कंबरेखालचं सगळं गेलंय (लेकीनं विचारलं, "हा पाण्यात उभा आहे का?"). चिंटूच्या कागदाखाली फुगे आलेत. आणि मुख्य म्हणजे काचेचे जुने बल्ब आता मिळतात कुठे? घरात सगळे एलईडी.

नवऱ्यानं मदत म्हणून ऑनलाइन मिकी-मिनीचा छापील सेट मागवला. अण्णांनी एक उचलून हातात फिरवला, "गुळगुळीत आहे" म्हणाले आणि खाली ठेवला. विषय संपला.

भडंग_आणि_चहा:

छान लिहिलंय. पण इतका त्रास कशाला? चारही बल्बांचे फोटो काढून अ‍ॅक्रिलिकवर प्रिंट करून घ्या. गणपती पेठेत कोणीही करून देईल. हलके, न फुटणारे, पोरांच्या हातात द्यायला बिनधास्त.

मिरजवाली:

भडंग, सूचनेबद्दल आभार. वरचं 'गुळगुळीत' परत एकदा वाचा ना.

ब्रशवाला_सातारा:

ताई, मी साताऱ्यात तीस वर्षं बोर्ड रंगवले, फ्लेक्स यायच्या आधीची गोष्ट. तुमच्या अण्णांनी वापरला तो डब्यातला एनॅमल असणार. काचेत रंग मुरत नाही, नुसता वर बसतो. पुराचं पाणी पापुद्र्याखाली गेलं की सुटलाच.

आधी काय करू नये ते सांगतो. पाण्यानं पुसायचं नाही. साबण नाही, थिनर तर मुळीच नाही. आणि दुकानदार लाकडावर मारायचं लॅकर देईल, ते घ्यायचं नाही. जुन्या एनॅमलवर ते मारलं की रंगाला सुरकुत्या पडतात, जिवंत डोळ्यांनी बघितलंय.

मऊ कोरड्या ब्रशनं गाळ झाडा, घासू नका. मग पाण्यातलं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक वॉर्निश थोडं पातळ करा, शून्य नंबरच्या ब्रशचं टोक त्यात बुडवा आणि उचललेल्या पापुद्र्याच्या नुसतं कडेला टेकवा. ते आपोआप आत ओढलं जातं. चिकटसर झालं की वर बटरपेपर ठेवून बोटानं हलकेच दाबा. एका वेळी एकच कान. चहा घेऊन दुसऱ्या कानाला बसा. सगळं बसलं की दोन दिवसांनी पूर्ण बल्बवर एक पातळ हात.

आणि एक. पिनांना तार बांधून टांगू नका आता. जुन्या बल्बची टोपी ज्या मसाल्यानं काचेला चिकटवलेली असते तो सुटतो. टोपी हातात राहील आणि मिकी फरशीवर. टोपीखाली काचेच्या मानेला तार घ्या.

मोगलीचं खालचं रंगवायला सांगू? रंगवू नका. अण्णा रंगवत असतील तरच.

जुनी_वही:

चिंटूबद्दल लिहिते. कात्रणं जमवायचा नाद मला १९९१ पासूनचा, म्हणजे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू पेपरात यायला लागला तेव्हापासूनच, त्यामुळे कागदाचे सगळे भोग भोगून झालेत.

फुगे आले म्हणून कागद सोलू नका, फाटेलच. खळ पाण्यात फुगते आणि वाळताना कागद ओढून घेते. पण वरून वॉर्निश आहे, त्यामुळे आता वाफ देऊनही फार उपयोग नाही. बारीक सुईनं फुग्याला एक भोक, त्यातून पातळ केलेला फेविकॉल अगदी थेंबभर, मग दाब. जे सपाट होईल ते होईल. पिवळेपणा जाणार नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाचा लिग्निन राहिलेला असतो, तो उजेडात पिवळा पडणारच.

पप्पू आणि बगळ्या नव्यानं करायचे असतील तर मूळ कात्रण वापरू नका. त्याची झेरॉक्स काढा, आणि ती लेझरची. घरच्या इंकजेटवर काढाल तर गोंद लागताच शाई पसरेल आणि जोशी काकूंच्या साडीचा रंग पप्पूच्या तोंडाला लागेल. कात्रणं नसतील तर कळवा, माझ्याकडे गठ्ठे आहेत.

कृष्णाकाठची_वांगी:

बल्बचं मी सांगतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारून वेळ घालवू नका. पोल्ट्रीवाल्याला गाठा! विट्याकडे शेडच शेड आहेत. एक दिवसाच्या पिल्लांना ऊब द्यायला अजून कित्येक ठिकाणी पिवळे काचेचे बल्बच लावतात, कारण एलईडी गरम होत नाही. गेलेले बल्ब पोत्यात पडलेले असतात. माझ्या मेव्हण्याची शेड आहे, त्यानं तर "घेऊन जा, भंगारवालाही नेत नाही" म्हणून सांगितलंय. फक्त धुऊन घ्या, वास असतो. :)

सीएफएल, म्हणजे ते पिळाचे पांढरे बल्ब, चुकूनही घेऊ नका. आत पारा असतो. पोरांच्या खोलीत फुटला तर नाताळ राहील बाजूला. ट्यूबलाइटचंही तेच.

ब्रशवाला_सातारा:

वांग्यांना +१. नवीन बल्ब असेल तर आधी स्पिरिटनं पुसायचा, मग हाताचा तेलकटपणा लागू न देता मानेला धरून रंगवायचा. बारीक वॉटरपेपर (घासायचा कागद) अगदी हलका फिरवला तर रंग धरतो, पण पातळ काच आहे, हातात जाड फडकं घेऊनच.

अक्षांश_रेखांश:

अवांतर आहे, पण राहवत नाही. मिकीला चार बोटं असतात, तीन आणि एक अंगठा. हजारो चित्रं हातानं काढायची तर एक बोट कमी म्हणजे तेवढं काम कमी. नवीन करताना ही चूक सुधारून घ्या. शिवाय १९२८ च्या पहिल्या फिल्ममध्ये त्याला हातमोजेही नव्हते. त्या पहिल्या मिकीवरचा अमेरिकेतला कॉपीराइट १ जानेवारी २०२४ ला संपला, म्हणून हल्ली तो फार दिसतो. बाकी कार्टूनं घरात टांगायला हरकत नाही, फक्त करून विकायला बसू नका.

मिरजवाली:

ब्रशवाले काका (काका म्हटलं तर चालेल ना?), काल रात्री मिकीचा डावा कान बसवला. श्वास रोखून. ते वॉर्निश आत ओढलं जातं ते बघताना कसलं समाधान वाटतं! उजवा आज. तार मानेला घेतलीय.

जुनी वही, पप्पू आहे माझ्याकडे, बगळ्या नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

अक्षांश_रेखांश, बोटांबद्दल आम्ही लहानपणीच भांडलोय. ताईनं डबा पुढे धरून अण्णांना मोजून दाखवलं होतं. अण्णा म्हणाले, "छापणाऱ्याची चूक असेल. हाताला पाच बोटं असतात." पाचव्या बोटाला जागा नव्हती म्हणून ते मनगटाच्या बाजूनं निघालंय, वाटाण्याच्या शेंगेसारखं. आमच्या घरी मिकीला पाचच बोटं राहणार.

वांगी, मेव्हण्यांचा नंबर व्यनित द्याल का? रविवारी दुपारी जाऊ शकतो.

भडंग_आणि_चहा:

वाटाण्याची शेंग वाचून माझी अ‍ॅक्रिलिकची सूचना मागे घेतो. त्या मिकीचा फोटो टाका.

सुरूचं_बन:

झाडाचं कोणी बोललं नाही. प्लॅस्टिकच्या झाडाची टोकं वाकतात, बल्बचं वजन पेलत नाहीत. सुरूची फांदी रोपवाटिकेतून किंवा ओळखीच्या शेताच्या बांधावरून आणा आणि बल्ब टोकाला नको, खोडाशी जाड फांदीवर. फार लवकर आणू नका, सुया गळतात. चारपाच दिवस आधी आणून ओल्या वाळूत ठेवली तर नाताळ निघतो. खाली जुनी गोधडी अंथरा, एखादा पडलाच तर वाचेल.

मिरजवाली:

अपडेट. रविवारी विट्याला जाऊन आलो. मेव्हण्यांनी चहा पाजला आणि चक्क चौदा बल्ब दिले. त्यांतले दोन गाडीत फुटले, उरलेले धुतले. दोनदा. वास गेला असं नवरा म्हणतो.

ते टेबलावर ओळीनं मांडले तेव्हा अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते. बघितलं, काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "शंभरचे आहेत. पोट मोठं मिळेल." मग चष्मा मागितला.

हात थरथरतो त्यांचा. सरळ रेघ येत नाही. लेकीनं (नऊ वर्षं) बल्ब वाटीतल्या तांदळात रोवून धरला, म्हणजे हलत नाही, आणि अण्णांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवून बलू काढला. तासभर लागला. बाह्यरेषा जरा केसाळ झालीय, पण अस्वलच आहे, चालतंय. बगळ्याही झाला, जुन्या वहीच्या कृपेनं. मोगलीला मात्र त्यांनी हात लावला नाही. "राहू दे पाण्यात" म्हणाले.

नंतर लेकीनं डोरेमॉनची फर्माईश केली आणि मोबाइलवर चित्र दाखवलं. अण्णांनी ते बरंच निरखलं आणि विचारलं, "ह्याला एकही बोट नाही?" तिनं समजावलं की त्याचे हात असेच असतात, गोल. त्यांना पटेना. तीही ऐकेना. शेवटी डाव्या हाताचा पांढरा गोळा तसाच ठेवलाय आणि उजव्याला पाच बोटं आहेत. ती बाजू भिंतीकडे करून टांगायची असं तिचं म्हणणं. अण्णांचं म्हणणं उलट.

आता शेवटचा प्रश्न, ब्रशवाले काका. हे नवे एनॅमलचे काल रात्री संपवले, अजून बोटाला किंचित चिकट लागतात. त्यांवर वॉर्निशचा हात कधी मारू? ताई २२ ला येतेय.

ब्रशवाला_सातारा:

थंडी आहे, घाई नको. चार दिवस वाऱ्याला उलटे टांगून ठेवा, धुळीपासून लांब. नखानं टोचून बघा, खूण उमटली नाही की मारा. आणि काका चालेल.