कंबरेचा बेल्ट कोणता घ्यावा? साधा, पट्ट्यांचा, कॉन्टूर्ड, सॅक्रो... डोकं चक्रावलंय

थकलेला_जीव
नमस्कार मंडळी. दिवसभर खुर्चीत बसून काम असतं आणि मधूनच काही उचलायला वाकलो की कंबरेत अशी चमक निघते की सरळ व्हायला भिंत धरावी लागते. डॉक्टरांनी तपासलं, पाय वर उचलून वगैरे बघितले, म्हणाले नस दबल्यासारखी वाटत नाही, स्नायूंचं दुखणं आहे, चालत फिरत राहा आणि हवं तर बेल्ट लावा. कोणता ते काही चिठ्ठीवर नाही. आता ऑनलाइन बघायला गेलो तर एल एस बेल्ट, कॉन्टूर्ड, सॅक्रो, टेलर ब्रेस, अ‍ॅब्डॉमिनल, त्यात चुंबकवाले वेगळे, सगळ्यांखाली 'कंबरदुखीवर रामबाण' असंच लिहिलंय. साइज पँटचाच धरायचा का? दिवसभर लावला तर चालतो का? सवय लागते म्हणतात ते खरं का?

जुनाखोड
मी वापरतो, पण लांबचा प्रवास आणि घरातलं सामान हलवायचं असेल तेव्हाच. माझा मागे पट्ट्या असलेला आहे. एक सांगतो, अगदी कडक घेऊ नका, खुर्चीत बसलात की वरची कड बरगड्यांत आणि खालची मांडीत रुतते, मग तो बेल्ट कपाटातच राहतो. बाकी तुमचं दुखतं नक्की कुठे? कंबरेच्या खोलगट भागात की त्याच्याही खाली?

थकलेला_जीव
खोलगट भागातच, दोन्ही बाजूंना. पायात कळ जात नाही, मुंग्या नाहीत.

फिजिओवाली
जुनाखोड काकांनी बरोबर प्रश्न विचारला, सगळं त्यावरच आहे. कमरेचे पाच मणके, त्याखाली माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि ते दोन्हीकडे खुब्याच्या हाडाला जिथे जुळतं ते सांधे. तुमचं दुखणं वरच्या भागातलं आहे म्हणजे तुम्हाला एल एस बेल्ट. लंबो-सॅक्रल म्हणजे तोच. कॉन्टूर्ड हाही एल एसच, फक्त मागच्या पट्ट्या कंबरेच्या खोलगटपणाप्रमाणे वळवलेल्या असतात. ज्यांचं दुखणं त्याखाली, एका बाजूला, खळीपाशी असतं आणि कूस बदलताना किंवा जिना चढताना कळ येते त्यांना सॅक्रो बेल्टचा उपयोग होऊ शकतो, तो अरुंद असतो आणि कंबरेवर नाही तर खुब्यांवर बांधतात. गरोदरपणात ओटीपोटाच्या मागे दुखतं तेव्हाही हाच देतात. अ‍ॅब्डॉमिनल बेल्ट हा पोटाच्या ऑपरेशननंतर टाक्यांना आधार म्हणून असतो, त्यात मागे पट्ट्या बहुतेक नसतातच. आणि टेलर ब्रेस खांद्यांवरून पट्टे येणारा, मणक्याच्या फ्रॅक्चरसारख्या गोष्टींसाठी, तो स्वतःच्या मनाने कुणीही घेऊ नये.

साइजचं म्हणाल तर पँटचा नंबर साफ विसरा. पँट बसते बेंबीच्या खाली आणि तिच्यावरचा नंबर खऱ्या मापाशी जुळेलच असं नाही. टेप घ्या, पातळ बनियनवर बेंबीच्या रेषेत उभं राहून, पोट आत न ओढता (हे सगळेच ओढतात) माप घ्या आणि त्या कंपनीचा तक्ता बघा, कारण एका कंपनीचा एल दुसरीचा एम असतो. लावल्यावर पुढची टोकं जेमतेम भेटत असतील तर मोठा घ्या, आणि एकावर एक इतकी चढत असतील की मागच्या पट्ट्या सरकून बगलेकडे येतायत तर लहान. पट्ट्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना यायला हव्यात, मणक्यावर नाही. उंचीही बघा, पाठीमागे साधारण २० ते २५ सेंमी रुंद असतात, बुटक्या माणसाला त्यातला उंच बेल्ट बरगड्यांना लागतो. मग खुर्चीत बसून बघा, वाकून बुटाची लेस बांधून बघा, पूर्ण श्वास घेऊन बघा. बेल्टखाली सपाट तळवा सरकला पाहिजे. अडला तर घट्ट झालाय, आणि घट्ट बांधल्याने लवकर बरं वाटतं असं काही नसतं.

रुक्ष
सगळं ठीक, पण बेल्ट घ्यायचाच कशाला हे कुणी विचारणार का? ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ लिहिलंय की कंबरदुखीला बेल्ट किंवा कॉर्सेट देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर सूचना काढल्या त्यातही बेल्टची शिफारस नाही. आणि दुखू नये म्हणून आधीच बांधणाऱ्यांसाठी, अमेरिकेत दुकानांतल्या ९ हजारांहून जास्त माल उचलणाऱ्या कामगारांवर अभ्यास झाला, २००० साली छापून आला, बेल्टवाले आणि बिनबेल्टवाले यांच्यात काही फरक नाही निघाला. बेल्ट विकणारे हे कधी सांगत नाहीत.

फिजिओवाली
@रुक्ष, मुद्दा मान्य, मी तो नाकारत नाहीये. बेल्टने दुखणं बरं होत नाही आणि मणक्यावरचा भार 'उचलला' जातो वगैरे जाहिरातीतली भाषा. तो करतो काय तर वाकण्या-वळण्यावर थोडी मर्यादा आणतो, ऊब देतो, आणि वाकताना आठवण करून देतो की बाबा जपून. पण उसण भरलेला माणूस भीतीने अंथरुणावर पडून राहणार असेल आणि बेल्ट लावून तो चालायला लागणार असेल तर मी त्याला चार दिवस लावू देते. पडून राहणं जास्त वाईट. सूचना सगळ्यांसाठी मिळून असतात, समोर पेशंट एकच असतो.

रुक्ष
हे पटलं. फक्त 'चार दिवस' कुणी चार महिने करू नये.

फिजिओवाली
तेच. लावायचा तो कामापुरता, उचलापाचल, उभ्याचं काम, प्रवास, दोनेक तास लावला की काढा. झोपताना अजिबात नाही. स्नायू पार कमजोर होतात असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, पण लोक बेल्टच्या भरवशावर व्यायाम सोडून देतात आणि बेल्ट काढायला घाबरायला लागतात हे मी रोज बघते. दुखणं उतरलं की बेल्टची वेळ कमी आणि चालणं, पोटाचे-पाठीचे व्यायाम जास्त. ज्यांना हर्निया आहे, पित्त वर येतं किंवा बीपी वाढलेलं आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, पोटावर दाब येतो.

आणि हे सगळ्यांसाठीच: लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, तर बेल्ट शोधत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ताप, विनाकारण घटलेलं वजन, पूर्वी कॅन्सर झालेला, किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, तरीही लवकर दाखवा.

जिमकर
माझ्याकडे लेदरचा जिमचा बेल्ट आहे तोच ऑफिसला लावला तर? नवीन का घ्या.

जुनाखोड
ऑफिसात लेदर बेल्ट लावून बसलात तर दुपारपर्यंत श्वास कोंडेल हो. 😄

फिजिओवाली
@जिमकर तो वेगळा प्रकार आहे. १० सेंमी रुंद, सगळीकडे सारखा, आणि त्याचा उपयोग पोट फुगवून त्याच्यावर रेटायचं म्हणून. जड वजनाच्या सेटपुरता बांधायचा आणि लगेच सैल करायचा. बसून राहायला तो उपयोगाचा नाही.

थकलेला_जीव
खूप आभार सगळ्यांचे, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मी कॉन्टूर्ड एल एस, मध्यम कडक, बेंबीच्या मापाचा. अजून दोन शंका. चुंबकवाला आणि गरम होणारा यात काही अर्थ आहे का? आणि आईलाही एक घ्यावा म्हणतो, तिची पाठ हळूहळू वाकत चाललीय आणि मध्येच जोरात दुखते.

रुक्ष
चुंबकाने काही होत नाही, पैसे वाचवा. शेकाने ताज्या दुखण्यात थोडा आराम पडतो, पण त्यासाठी गरम पाण्याची पिशवीही पुरते. शेकताना झोपू नका, कातडी भाजते.

फिजिओवाली
आईंसाठी परस्पर काही घेऊ नका प्लीज. वय झालेल्या बायकांमध्ये हाडं ठिसूळ होऊन मणका दबतो, कधी कधी साध्या खोकल्याने किंवा बादली उचलल्यानेसुद्धा, आणि पाठीचा बाक त्यातूनच येतो. आधी एक्सरे, डॉक्टर म्हणाले तर हाडांची घनता बघायची तपासणी. बेल्ट लागलाच तर तो बहुतेक तुमच्यासारखा नसेल, आणि खरं औषध हाडांचं सुरू करावं लागेल.

थकलेला_जीव
बरं झालं विचारलं, या आठवड्यातच नेतो तिला. बेल्ट धुवायचा कसा? घाम फार येतो मला.

जुनाखोड
मागच्या पट्ट्या आधी काढा, आणि कुठली कुठे आणि कोणत्या बाजूने वळलेली होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वेल्क्रो बंद करून साध्या साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत पसरा, इस्त्री नाही. वेल्क्रोत दोरे-केस अडकले की पकड जाते, ते जुन्या टूथब्रशने काढायचे. एवढं करूनही लावल्यावर इलॅस्टिक सैल वाटायला लागलं की बदलायचा, मग तो नुसता पट्टाच उरतो.