कट, तर्री की सॅम्पल?

पुणेकर : मागच्या आठवड्यात नागपूरला होतो. सकाळी गाडीवर पोहे पार्सल घेताना सवयीने बोलून गेलो, "सॅम्पल वेगळं बांधा." गाडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि चमचाभर तर्री पुढे केली, "घ्या, चाखून पाहा." इंग्रजी शब्दाचा अर्थ त्यानेच बरोबर लावला म्हणायचा! पण मिसळीवर मागून घ्यायच्या पातळ रश्श्याला आपण पुण्यात सॅम्पल का म्हणतो? चवीपुरतं म्हणून, की सांबारचं झालं सॅम्पल?

वैदर्भीय : सांबार म्हणाला असता तर कोथिंबीर भुरभुरली असती त्यानं. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीरच, सांबारवडी त्याचीच. आता तर्री. फारसीत 'तर' म्हणजे ओला, त्यावरून 'तरी', हिंदीत रश्श्याला म्हणतात तीच. 'र'ला जोर आम्ही दिला. 'तरबतर' त्याच घरातला. आणि पोह्यावरच्या तर्रीत हरभरे हवेत. नुसत्या लाल पाण्याला तर्री म्हणू नका.

कोल्हापूरकर : लाल पाणी कुणाला म्हणताय? त्याला कट म्हणत्यात. वडा त्यात बुडवला की कटवडा.

सोलापूरची सून : माझ्या माहेरी कट म्हणजे पुरणाची डाळ शिजल्यावर वेळून काढलेलं पाणी. त्याची आमटी. सासरी त्याच आमटीला येळवणी म्हणतात, वेळण्यावरूनच. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला "कट कुठे ठेवलाय?" विचारलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "मिसळ करायचीय का?"

पुणेकर : म्हणजे दोन्ही कटांत गाळ खाली राहतो आणि पातळ तेवढं वरून घ्यायचं, असं काही नातं असेल का? हा आपला माझा तर्क. मग तवंग वेगळा कसा?

कोल्हापूरकर : पार्सलची पिशवी उघडायच्या आधी जरा तशीच ठेवा. वर बोटभर लाल तेल चढतंय, तो तवंग. तवंगासकट सगळं, तो कट. पिशवी हलवली की तवंग गेला, कट ऱ्हायला.

वैदर्भीय : आणि हरभरे?

कोल्हापूरकर : ते तुमच्या पोह्यात ठेवा, दादा. आमच्यात मटकी असती, ती पण ताटलीत. कटात नाही.

पुणेकर : सॅम्पलचं राहिलंच.

सोलापूरची सून : ते पुण्यातच ठेवा.