सहा मीटरच्या गल्लीत पायी चालणाऱ्यांना जागा कशी काढायची?

गल्लीबोळ:
पुण्यातल्या कोथरूडमधला हा रस्ता दोन मोठ्या रस्त्यांना जोडतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत ६ मीटर रुंद, २८० मीटर लांब, फुटपाथ नाही. दोन्ही बाजूंना चारचाकी लागतात. सिग्नल टाळायला बाहेरची वाहनं आत घुसतात आणि शाळा सुटायच्या वेळी मुलं, आजी-आजोबा रस्त्याच्या मधोमध चालत असतात. प्रत्येक सोसायटीला गेटासमोर स्पीडब्रेकर हवाय, काहींना रस्ता एकेरी करून हवाय. नक्की काय मागावं आणि कुणाकडे?

मीटरटेप:
आधी वेग मोजा. रस्त्यावर ३० मीटर अंतरावर खडूने दोन रेषा मारा आणि गाडीला ते अंतर कापायला लागणारे सेकंद मोबाइलवर मोजा. १०८ ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात, ३.६ सेकंदांच्या आत पार झाली, तर वेग तीसच्या वर. मोकळ्या धावणाऱ्या १०० गाड्यांची नोंद करा, उतरत्या क्रमाने लावा आणि वरून पंधरावा आकडा अर्जात लिहा. सरासरी देऊ नका, तिच्यात सुसाट जाणारे लपतात.

गल्लीत वेग ताशी तीसच्या आत ठेवायचा आग्रह का, तेही लिहा. मूल आडवं आल्यावर ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगातली गाडी सुमारे १३ मीटरवर थांबते. ५० च्या वेगातल्या गाडीचा ब्रेक तेवढ्या अंतरात लागायलाही सुरुवात झालेली नसते.

रस्ताआखणी:
खरा प्रश्न पार्किंगचा आहे. चारचाकीला २ मीटर लागतात. दोन्हीकडे लावल्या की मधे २ उरतात आणि चालणाऱ्याला शून्य. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या पादचारी सोयींच्या मार्गदर्शिकेत चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. खांब, विजेची डीपी, झाडाचं आळं वगळून १.८, हे लक्षात ठेवा. ती घेतली की ४.२ मीटर राहतात. त्यात दोन मोटारी हळू एकमेकींना ओलांडतात, पण चारचाकी उभी करता येत नाही. हे रहिवाशांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, नाहीतर काम सुरू झाल्यावर तेच अडवतील.

दुचाकींसाठी समोरच्या भिंतीलगत १०-१२ मीटर लांबीचे, १.२ मीटर रुंद कप्पे ठेवा. तिथे रस्ता ३ मीटरवर येतो, समोरच्याला थांबावं लागतं, वेग आपोआप उतरतो. मात्र अग्निशमन दलाचं मत लेखी घ्या आणि गेटासमोर कप्पा नको.

एकेरीची मागणी जपून करा. समोरून कोणी येणार नाही म्हटल्यावर वेग वाढतो.

उंच फुटपाथही इथे नको. दर १५-२० मीटरला गेट, म्हणजे सतत चढउतार. लोक पुन्हा डांबरावरच येतात. रस्त्याच्याच पातळीवर वेगळ्या रंगाचे ब्लॉक आणि कडेला बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब, लावा, दोन बोलार्डमध्ये १.२ मीटर मोकळे.

गल्लीबोळ:
त्या फटीतून दुचाकी घुसणार नाहीत का? आणि स्पीडब्रेकरचं काय?

रस्ताआखणी:
घुसतील. व्हीलचेअरला किमान ९० सेंटिमीटर हवेत आणि स्कूटरचं हँडल त्याहून अरुंद असतं, म्हणून दुचाकी अडवणारं अंतर व्हीलचेअरही अडवतं. अंतर कमी करू नका, दुचाकींवर पोलिसांची कारवाई मागा.

काँक्रीटवाला:
गेटागेटासमोर सिमेंटचा उंचवटा थापू नका. अरुंद, उभा उंचवटा दुचाकीस्वाराला पाडतो आणि भरधाव मोटारीचा धक्का तिचे शॉक ॲब्सॉर्बर गिळतात. मानक स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि गाडीच्या दिशेने तब्बल ३.७ मीटर रुंद असतो. बोल्टने ठोकलेल्या रबरी पट्ट्यांचे तुकडे निघतात आणि बोल्ट टायरला लागतात.

शाळेजवळ आणि दोन्ही तोंडांशी टेबलटॉप क्रॉसिंग, म्हणजे सपाट माथ्याचा उंच केलेला पादचारी पट्टा, मागा: उंची ७.५ ते १० सेंटिमीटर, सपाट माथा किमान ३ मीटर, उतार १ ला १० पेक्षा तीव्र नको. मधल्या भागात ६०-८० मीटरवर एखादा स्पीडब्रेकर, नाहीतर वेग पुन्हा चढतो.

हमखास चुकतं ते पाणी. टेबलटॉप रस्त्याला बांधासारखा आडवा येतो आणि पहिल्याच पावसात चढाच्या बाजूला डबकं साचतं. दोन्ही कडांना २०-३० सेंटिमीटर चर ठेवून वर लोखंडी जाळी टाका. पावसाळी गटाराचं चेंबर चढाच्या बाजूला आहे का, ते काम सुरू होण्याआधी पाहा. पट्टे थर्मोप्लास्टिकचे (वितळवून लावायच्या रंगाचे) आणि काचेचे मणी टाकलेले हवेत. साधा रंग पावसाळी रात्री दिसत नाही.

वॉर्डऑफिस:
बांधकाम महापालिकेच्या पथ विभागाकडे, नो-पार्किंग वाहतूक पोलिसांकडे. दोन्हीकडे एकाच नकाशासह अर्ज द्या, नाहीतर बोलार्ड लागतात आणि पार्किंगचा आदेश निघतच नाही. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलंय आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पादचाऱ्यांचा फुटपाथचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी, जोडलाय. दोन्हींचा उल्लेख करा. छोटी कामं नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकात सुचवता येतात, त्याचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतात.

आधी महिनाभर रंग आणि प्लास्टिकच्या कोनांनी तात्पुरती आखणी करायची परवानगी मागा. कचऱ्याची गाडी आणि स्कूलबस कुठे अडते ते त्यात कळतं, आणि बोलार्डची जागा तेव्हाच बदलता येते.