‘पडदा टाकणे’ म्हणजे लपवणे की मिटवणे?

रामबागची वाचक : एका हिंदी निकालाचा सारांश मी आमच्या मंडळाच्या अंकासाठी मराठीत करीत आहे. खून एकाने केला. त्याच्या मेहुण्याने नंतर रक्ताचे कपडे जाळले आणि पोलिसांना खोटे सांगितले. मी लिहिले, ‘मेहुण्याने गुन्ह्यावर पडदा टाकला.’ पुण्याच्या नणंदबाईंनी विचारले, ‘प्रकरण मिटले, तर मग त्याला शिक्षा कशाची?’ इंदुरात आमच्या घरी तर पडदा टाकणे म्हणजे लपवणेच.

तुकोगंजचे वकील : ताई, आपल्या नणंदबाई बरोबर आहेत. आपला पडदा हिंदीतून आला आहे. मराठीत पडदा पडला की खेळ संपतो. ‘पुरावा नाहीसा केला’ असे सरळ लिहावे. मात्र मेहुण्याला ‘साथीदार’ म्हणू नये. साथ गुन्ह्याआधी किंवा गुन्ह्याच्या वेळी दिली जाते. नुसत्या नंतरच्या मदतीसाठी दंडसंहितेत २०१ हे निराळे कलम होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते २३८ झाले. मूळ गुन्हा देहदंडाचा असला, तरी या कलमाखाली जास्तीत जास्त ७ वर्षे कैद आणि दंड होतो. ‘साथीदार’ वाचले की लोक थेट जन्मठेप गृहीत धरतात.

बडोद्याची लेक : ‘पांघरूण घालणे’ कोणालाच कसे सुचले नाही? माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा आजीने काचा चुलीच्या राखेत पुरल्या आणि आजोबांना सांगितले की मांजराने पाडली.

तुकोगंजचे वकील : आजींनी कलमाचे दोन्ही भाग पुरे केले : पुरावा पुरला आणि खोटी माहितीही दिली. तरीही पांघरुणात माया असते. रक्ताचे कपडे जाळणाऱ्याला तो शब्द मऊ पडतो.

ग्वाल्हेरकर : ‘पाठीशी घालणे’ घ्या.

तुकोगंजचे वकील : पाठीशी माणूस घालतात, कपडे नव्हेत.

ग्वाल्हेरकर : असो. माझी खरी हरकत ‘शिक्षा’ या शब्दाला आहे. आमच्या हिंदी शेजाऱ्याने ‘सात वर्षांची शिक्षा’ वाचून ‘कोणत्या महाविद्यालयात?’ असे विचारले होते. आपण मध्य प्रदेशात राहतो. ‘सजा’ लिहिल्याने मराठी बुडत नाही.

बडोद्याची लेक : अंक मराठी माणसांसाठी आहे की शेजाऱ्यांसाठी? शिवाय ‘शिक्षा ठोठावली’ यातील ठोका ‘सजा सुनावली’त नाही. न्यायाधीश हातोडा ठोकतात, त्यावरूनच तो शब्द आला असणार.

तुकोगंजचे वकील : तीस वर्षांत मी एकाही न्यायाधीशाच्या हाती हातोडा पाहिलेला नाही; तो चित्रपटांत असतो. ठोठावतात ते दार.

रामबागची वाचक : दार राहू द्या, अंक उद्या छपाईला जायचा आहे. मेहुण्याने नेमके काय केले म्हणून लिहू?

ग्वाल्हेरकर : ते आपण ठरवा, पण ‘सजा’ फारसी आहे म्हणून नको असेल, तर ‘वकील’ तरी कुठला आहे, हे आधी सांगा.