मदत हवी आहे: काचबंद व्हरांड्यात फरशी कोणती घालावी?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात शाहूपुरीला आमचं बैठं घर आहे. मागचा व्हरांडा तिन्ही बाजूंनी काचा लावून आणि वर पॉलिकार्बोनेटचे पत्रे टाकून बंद केलाय. आईच्या कुंड्या, दोन खुर्च्या, सकाळचा चहा, एवढाच त्याचा उपयोग. प्रश्न फरशीचा आहे.

एप्रिलमध्ये दुपारी तिथे पाय ठेववत नाही, आणि जुलैत सगळं दमट. कुंड्यांचं पाणी तर रोजच सांडणार. दुकानदार लाकडी लॅमिनेटच्या मागे लागलाय. दिसतं छान, पण आतला गाभा लाकडाच्या भुशाचा. सांध्यातून पाणी गेलं की कडा फुगतात. विनाइलच्या फळ्यांना पाण्याची भीती नाही, पण काचेतून येणाऱ्या थेट उन्हात त्या प्रसरण पावून उचलतात म्हणे. कुणाचा अनुभव?

माझा कल कोटा दगडाच्या फरशीकडे. पायाला गार, खिशालाही बरा. पण तो चुनखडीचाच दगड, लिंबू सांडलं की डाग पडतो, आणि आरशासारखं पॉलिश केलं तर ओल्यात आई घसरायची. दुसरा पर्याय मॅट विट्रिफाइड टाइल, म्हणजे चकाकी नसलेली, भट्टीत भाजून काचेसारखी घट्ट केलेली; ती पाणी ०.५ टक्क्यापेक्षा जास्त शोषत नाही, त्यामुळे कुंड्यांची चिंता मिटते.

खाली जुनी शहाबादी आहे, दोन-तीन फरश्या ठोकल्या की पोकळ वाजतात. तेवढ्याच काढून वरून टाइल चिकटवली तर चालेल, की सगळीच उखडावी? गवंडी म्हणतो, "टाका बिनधास्त." त्याचा हा बिनधास्तपणाच मला नको वाटतो. भिंतीकडेने फट किती सोडायची तेही सांगा. काम पावसाआधी उरकायचंय.